फोटोचा नांगर



गेल्या महिन्यात चंदगडात आमच्या एका धम्मभगिनीच्या आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आईने जन्मभर काजूच्या कारखान्यात राबून लेकरे शिकवली. पत्रक संगणकावर जुळवायचे काम आमच्याकडे होते. तिचा एकुलता एक फोटो आम्ही घातला. सगळे एका पानात बसावे म्हणून शेवटी ओळींमधले अंतर आवळले आणि घाईत, न बघताच, शंभर प्रती काढल्या. फोटोच्या जागी पदराची नुसती पट्टी! मुलगी म्हणाली, "दादा, आई कुठं हाय यात?" आम्हाला मान वर करवेना.

दोष यंत्राचा नव्हता. वर्डमध्ये फोटो घातला की तो बहुधा 'इन लाइन विथ टेक्स्ट' बसतो; म्हणजे ओळीतले एक मोठे अक्षरच. ओळीची उंची 'एक्झॅक्टली' म्हणून बांधली की फोटो तेवढ्याच उंचीपुरता दिसतो. फोटोच्या ओळीपुरते अंतर 'सिंगल' करा, अख्खा फोटो परत येतो.

फोटोभोवती मजकूर वळवायचा तर 'स्क्वेअर' निवडावे. पण मग फोटो एखाद्या परिच्छेदाला बांधलेला असतो. फोटोवर क्लिक केले की नांगराचे छोटे चिन्ह दिसते. तो परिच्छेद खोडला की फोटो गेला; पुढच्या पानावर सरकला की फोटोही त्याच्यामागे. म्हणून नांगर ओढून शीर्षकाच्या ओळीला टाकावा. पान पहिले, ओळ पहिली, ती कुठे जाणार?

'बिहाइंड टेक्स्ट' मात्र जपून. वर्गणीदारांची नावे बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर उमटलेली जयंतीची पत्रके आम्ही पाहिली आहेत. तसाच फोटो बाजूने ओढून चेहरा पसरटही करतात! लहान-मोठा करायचा तो कोपऱ्याला धरून.

माणगाव परिषदेच्या (२१ व २२ मार्च १९२०) स्मृतिदिनाला शाहू महाराज आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी हवे असतात. तिथे दोन रकान्यांचा तक्ता करावा, एकेका रकान्यात एकेक फोटो घालावा आणि तक्त्याच्या रेघा काढून टाकाव्यात. दोघे हलत नाहीत. छपाईला देताना पीडीएफ करून द्यावे, नाहीतर दुकानातल्या संगणकावर फाँट बदलतो आणि सगळी मांडणी पुन्हा विस्कटते.

दुसऱ्या शंभर प्रतींचा खर्च आम्ही सोसला. पहिल्या शंभर प्रतींच्या पाठकोऱ्या बाजूवर, त्या मुलीला विचारूनच, विहारातली मुले शुद्धलेखन काढत आहेत.