जीर्णोद्धार की रंगरंगोटी?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. परंतु सोने म्हटले की कस लावून पाहणे आले, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. जुनी वस्तू दुरुस्त करून विकायला काढली, की कस कशाला लावायचा हा पेच पडतो. वस्तूच्या चकाकीला, की विकणाऱ्याच्या शब्दाला? या प्रश्नाचा विचार मी एका परक्या देशाच्या उदाहरणावरून करणार आहे. ते उदाहरण म्हणजे ब्रिटनमधल्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी, त्यांची पुनर्बांधणी आणि त्यांची विक्री.

विषय ऐकताच एका मित्राने विचारले, “एस.टी.च्या पासासाठी रांगेत उभा राहणारा तू, आणि लिहिणार विलायती मोटारींवर?” प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की माझे वडील गॅरेजमध्ये डेंटिंगचे काम करतात. पत्रा, वेल्डिंग आणि पुट्टी हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकलो. दुसरे असे, की ही मोटार आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९५५ साली निघालेल्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारीत १४८९ सीसीचे जे इंजिन होते, त्याच घराण्याचे आणि त्याच मापाचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे धडधडत होते. २०१४ साली ॲम्बॅसडरचे उत्पादन थांबले. तिकडची चैनीची गाडी आणि इकडची टॅक्सी या नात्याने चुलत बहिणीच म्हणायच्या!

एमजीएनंतर आलेली एमजीबी ही या वर्गातली सर्वांत परिचित गाडी. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात ती तयार झाली. पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त उत्तर अमेरिकेत गेल्या. १७९८ सीसी इंजिनाची ही छोटी गाडी राजेरजवाड्यांसाठी नव्हती. सुरुवातीला करासह तिची किंमत साडेनऊशे पौंडांच्या आसपास होती. जग्वारची १९६१ मधली प्रसिद्ध ई-टाइप तिच्या दुपटीहून महाग होती. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. गाड्या मात्र उरल्या, आणि त्यांच्याबरोबर उरला तिथल्या ओल्या हवेने आणि हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने धरलेला गंज.

या गंजाची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण सारा प्रश्न तिच्यातच दडलेला आहे. एमजीबीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पोकळ पेटीसारखी एक पट्टी जाते, तिला तिकडे ‘सिल’ म्हणतात. गाडीला टप नसल्यामुळे मधला सगळा भार या दोन पट्ट्यांवर येतो. त्या गंजल्या म्हणजे गाडीचा कणाच मोडला.

हे काम दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे सडलेल्या पट्टीवर नव्या पत्र्याचे कातडे चढवायचे, फटी पुट्टीने बुजवायच्या, घासून गुळगुळीत करायचे आणि रंग मारायचा. यात वेळ थोडा जातो आणि पैसाही थोडा. दुसऱ्या प्रकारात आधी गाडीला खालून आधार द्यावा लागतो आणि दारांच्या चौकटीत आडवे लोखंड ठोकून ती ताणून धरावी लागते. तसे न करता जुनी पट्टी कापली, तर गाडी मधून खचते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही. मग बाहेरचा, मधला आणि आतला असे तिन्ही थर निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचे, नवे बसवायचे, पुनःपुन्हा दार लावून फट तपासायची आणि मगच वेल्डिंग पक्के करायचे. या कामात आठवडेच्या आठवडे जातात.

आणि मग रंग लागतो. रंग लागल्यावर काय होते, हे माझ्या वडिलांनी एकदा सहज सांगितले होते : “रंग बसला की चांगलं काम आणि वाईट काम सारखंच दिसतं.” मला वाटते, जुन्या मोटारींच्या साऱ्या व्यापाराचे मर्म या एका वाक्यात आले. रंग लबाडाची लबाडी झाकतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रामाणिक कारागिराचा प्रामाणिकपणाही तोच रंग झाकून टाकतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. गिऱ्हाईक फार तर लोहचुंबक लावून पाहील. जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. पण सडक्या पट्टीवर चढवलेल्या नव्या पत्र्यावर तो मोठ्या आनंदाने चिकटतो. मग चांगल्या कामाला पुरावा तो कोणता? एकच. काम चालू असताना काढलेली छायाचित्रे, सामानाच्या पावत्या आणि कोणी, केव्हा, काय कापले नि काय जोडले याची वही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : जुनी गाडी विकणाऱ्याने ही वही गाडीबरोबर दिलीच पाहिजे. गाडीत बदल केला म्हणून ती खोटी होत नाही. बदल लपवला म्हणजे ती खोटी होते.

तिकडचा कायदा एवढे मागत नाही. खाजगी विक्रेत्याने गाडीचे वर्णन खोटे करू नये, अशी त्याची अपेक्षा. परंतु न विचारलेली गोष्ट आपण होऊन सांगण्याचे बंधन सर्वसाधारणपणे त्याच्यावर नाही. पूर्वी निदान दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत सांगाड्याचा गंज पकडला जाई. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि गेल्या तीस वर्षांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना त्या तपासणीतून सूट मिळाली आहे. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे आज वयाच्या हिशेबाने साऱ्याच एमजीबी या सवलतीत बसतात. मालकाने स्वेच्छेने तपासणी करून घेतली तर गोष्ट वेगळी. एकूण काय, तर सरकारचा डोळा जिथून हटला, तिथे विकणाऱ्याच्या जिभेची जबाबदारी वाढली. गप्प बसणे कायद्याला चालेल. परंतु उतारावर गाडी चालवणाऱ्याच्या जिवाला ते चालत नाही.

येथे कोणी विचारील, की इतके बदलल्यावर ती गाडी ‘तीच’ उरते का? ग्रीक लेखक प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. त्याच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या आणि जहाज तेच की निराळे, यावर तत्त्ववेत्ते वाद घालीत बसले. एमजीबीच्या बाबतीत हा वाद पुस्तकी राहिलेला नाही. १९८८ पासून ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने मूळ साचे मिळवून एमजीबीची अख्खी नवी बॉडी तयार करायला सुरुवात केली. जुन्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, चाके त्यात घाला आणि गाडी तयार! ब्रिटनच्या वाहन-नोंदणी कार्यालयाने फार फेरफार झालेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षे चक्क गुणपत्रिका ठेवली होती. सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. इंजिनाला अवघा १. उत्तीर्ण होऊन जुना क्रमांक टिकवायला किमान ८ गुण हवेत. त्याच नमुन्याचा नवा सांगाडा असला तरी पावती दाखवून ते पाच गुण मिळत. पावती, म्हणजे हिशेब. पुन्हा आपण वहीपाशीच येतो.

याहून मोठा दाखला १९९० सालचा आहे. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली मोटार १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे १९३२ साली ब्रुकलँड्‌स येथील शर्यतीत तिला भीषण अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. अनेक भाग बदलत गेले. १९९० साली एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला. परंतु ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे म्हणून घेणाऱ्याने माघार घेतली आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले. १९२९ साली धावलेल्या गाडीचे फारच थोडे शिल्लक होते, हे उघड होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडीचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, ती सलग त्याच नावाने आणि त्याच ओळखीने चालत आली आहे, म्हणून ती अस्सल, असा त्या निकालाचा आशय. लोखंड बदलले, पण इतिहासाची साखळी सांधलेली राहिली, आणि तिनेच गाडी तारली.

उलट बाजूचे उदाहरण जग्वारचे. १९६३ साली या कंपनीने हलक्या वजनाच्या १८ ई-टाइप शर्यतीसाठी योजल्या होत्या. त्यांतल्या १२ च झाल्या. उरलेल्या ६ कंपनीने २०१४ साली बांधायला घेतल्या, आणि त्या आज बांधलेल्या आहेत हे उघडपणे सांगून विकल्या. त्यांना कोणी खोट्या म्हटले नाही, कारण कोणी त्यांना जुन्या म्हटलेच नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की सगळे खरे सांगितले तर विकणारा बुडेल. एमजीबीसारखी गाडी नीट पुनर्बांधायला जो खर्च येतो, तो अनेकदा तिच्या विक्रीतून निघतही नाही, हे खरे आहे. मग त्या तुटीची भरपाई तो चकाकीतून करू पाहतो. परंतु याचा दोष एकट्या विकणाऱ्याला का द्यावा? गिऱ्हाईक रंग पाहून पैसे मोजते आणि वही चाळायचा कंटाळा करते. जे मोजून मागितले जाते, तेच बाजारात येते. वही मागणारे गिऱ्हाईक वाढले, तर पुट्टीवाल्याचे दुकान आपोआप बसेल आणि मन लावून काम करणाऱ्या कारागिराला त्याचे दाम मिळेल. खरे सांगण्याने प्रामाणिक माणूस बुडत नाही. त्याच्या शेजारचा लबाड गप्प बसला आणि ते खपून गेले, तर मात्र तो बुडतो.

दुसरा आक्षेप : हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याला त्याचे काय? याचे उत्तर देण्यासाठी मी आपल्याच गावांकडे बोट दाखवतो. काळ्या पाषाणातल्या जुन्या मंदिरांचा ‘जीर्णोद्धार’ आपण कसा करतो? कोरीव खांबांवर ऑइलपेंटचे थर, जोत्याला चकचकीत फरशी, आणि दर्शनी भागावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. दगड कोणत्या पाथरवटाने बसवला, जुने काय काढले आणि ते कोठे टाकले, याची नोंद कोठेच नसते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तूंविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवरून बोध घेऊन मोटारींसाठी तूरिनची सनद तयार केली. जपता येईल तितके जपा आणि जे कराल त्याची नोंद ठेवा, असा तिचा रोख आहे. मोटारीवाल्यांनी हा धडा इमारतींपासून घेतला. आपण इमारतींच्या बाबतीतही तो घेऊ नये, हे नवल नव्हे काय?

जीर्णोद्धार आणि रंगरंगोटी यांतला फरक पैशाचा नाही, कौशल्याचाही पूर्णपणे नाही. जीर्णोद्धार करणारा आपल्या कामावर प्रकाश पडू देतो. रंगरंगोटी करणारा रंग वाळण्याची वाट पाहतो. विद्यार्थी मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी मोटार विकेल, कोणी घर विकेल, कोणी आपले ज्ञान विकायला बसेल. प्रत्येक वस्तूला कोठे ना कोठे जोड असणारच. जोड असण्यात लाज नाही. तो कोठे आहे आणि कोणाच्या हातचा आहे, हे घेणाऱ्याला सांगता आले पाहिजे, इतकेच.