दिवेआगरच्या बायकांची नावं लिहा

विकिपीडियावर किनाऱ्यालगतच्या कुठल्याही गावाचा लेख उघडा. समुद्र असतो, देऊळ असतं, एसटी कुठून सुटते हे असतं. मोदकांचं कौतुकही असतं, पण ते वळणारे हात बहुतेक वेळा गायब. दिवेआगरच्या लेखात तसं राहू नये म्हणून हे चार शब्द.

सुरुवात सुवर्ण गणेशापासूनच करा. १७ नोव्हेंबर १९९७ ला गणपतीचा सोन्याचा मुखवटा ‘सापडला’, असं आपण सहज बोलून जातो. सापडला तो द्रौपदीबाई पाटलांच्या सुपारीच्या वाडीत, खणताना निघालेल्या तांब्याच्या पेटीत. २०१२ मधली त्या मुखवट्याची चोरी सगळ्यांना पाठ, वाडी कुणाची ते विचारलं की आठवाआठव. लेखात मुखवटा सापडल्याचं वाक्य असतं, त्यात बाईंचं नाव घाला, बातमीचा संदर्भ जोडा. पाच मिनिटांचं काम.

‘येथील महिला अत्यंत कष्टाळू व अगत्यशील आहेत’ असलं मात्र लिहू नका. ते कुठल्याही गावाला चिकटतं. कुणी जाणता संपादक ते उडवील, आणि बरोबरच करील. काम लिहा: सुपारी सोलणं, घरगुती खानावळी, ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात वाड्या आडव्या झाल्यावर घरं कशी सावरली ते. पण छापील आधार हवा. आजीने सांगितलेलं सोळा आणे खरं असलं तरी विकिपीडियावर चालत नाही. आधी एखाद्या स्मरणिकेत किंवा दिवाळी अंकात येऊ द्या. गावचा कारभार बघणाऱ्या बायकाही राहून जाऊ देऊ नका: महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडणूक निकालांच्या बातम्या चाळा, सरपंचबाईंचं नाव त्यांचं म्हणून लिहा, ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ म्हणून नको.

बिचकत असाल तर आधी विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहून बघा, अडलं तर चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, विचारा. हो, तिथे खरोखरच चावडी आहे! फोटो स्वतः काढलेला हवा, आणि ज्यांचा आहे त्या बाईंना विचारून काढलेला. व्हॉट्सॲपवर आलेला नको. कुणाचा फोन नंबर नको. आणि स्वतःच्या खानावळीबद्दल स्वतःच लिहायचं नाही, ती जाहिरात होते.

मुंबई-पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या मुलामुलींनो, लॅपटॉप आणताच आहात. या खेपेला आजीच्या ट्रंकेतली पेपरची कात्रणं मागून घ्या. तारीख आणि पेपरचं नाव कापलं गेलं नसेल, एवढं बघा.