पॉम्पेईच्या तिकिटाआधी भोकरदनची एस.टी.

१/
बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाड लागते. थोडे पुढे गेले की विदर्भ संपतो आणि जालना जिल्हा सुरू होतो. या पट्ट्यातील गावांतून पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली पिढी आता आई-वडिलांना आणि मुलांना घेऊन युरोपच्या सहलीस निघू लागली आहे. रोमचे कोलोसियम, पिसाचा कलता मनोरा, व्हेनिसची नौका आणि दिवस उरलाच तर पॉम्पेई. हौस रास्तच आहे. प्रश्न आहे तो क्रमाचा.

२/
इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई राखेखाली गेले. १९३८ साली अमेदेओ मैउरी या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली चाललेल्या उत्खननात तेथील एका घरात सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात भरघोस हार, हातांत कोपरापर्यंत कडी, दोन्ही बाजूंस एकेक सेविका. घडण उघडच भारतीय. मूर्तीच्या डोक्यातून खाली आरपार छिद्र आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असे मानले जाते.

३/
अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाली. एक धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे. दुसरी भोकरदनला, म्हणजे धाडहून तासाभराच्याही आत पोहोचता येते तिथे.

४/
भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचे नाव येते. म्हणजे इथल्या माणसांकडे दूरच्या पुण्यकार्याला देण्याइतका पैसा होता. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा वृत्तांत लिहिला. सातवाहनकालीन भरभराटीचे हे गाव होते, हे त्यातून नीट उमगते.

५/
हस्तिदंत इटलीपर्यंत पोहोचला कसा? पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी व्यापाराचे मार्गदर्शक लिहिले. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठा येतात. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून आणखी दहा दिवसांवर, असा हिशेब तो देतो. रस्ता नाही अशा मुलखातून माल गाड्यांवर लादून भडोचला नेत, असेही सांगतो. भडोचहून जहाजात चढणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे. उतरणाऱ्या मालात मद्य, आणि त्यातही पसंती इटलीच्या मद्याला! सहलीला गेलेला पाहुणा आज रोममध्ये ज्याची चव घेतो, त्याची गिऱ्हाइके दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बाजारात होती.

६/
येथे एक सावधगिरी. ‘पॉम्पेईत आपली लक्ष्मी सापडली’ असा संदेश फिरत असतो. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले गेले हे खरे. परंतु आज बहुतेक अभ्यासक ती यक्षी असावी असे मानतात. ती भोकरदनलाच घडली, हेही सिद्ध झालेले नाही. तिच्यावर खरोष्ठी अक्षराची खूण आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. कारागीर दख्खनचा आणि वाट वायव्येची, की घडणच तिकडची? वाद चालू आहे. छातीठोक दाव्यापेक्षा हा वाद मुलांना सांगण्यासारखा आहे. त्यातूनच त्यांना कळेल की इतिहास पुराव्यावर उभा राहतो आणि पुरावा नेहमी थोडा अपुराच असतो.

७/
आता क्रमाविषयी. भोकरदन न पाहता पॉम्पेईला गेलेल्या मुलाला तिथे परक्यांचे वैभव दिसते. फरसबंद रस्ते, भिंतींवरची चित्रे, पाटीवर लिहिलेली माहिती. नकळत त्याच्या मनात ठसते की इतिहास तिकडे असतो, तिकीट काढून पाहायचा असतो, आणि घराजवळ असते ती नुसती पांढरी. गावोगावची ही पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचाच ढिगारा; तिची माती गाड्या भरून नेली जाते आणि तिच्यासोबत खापरे, मणी, नाणीही जातात. ती थांबवायला पहारेकरी पुरणार नाहीत. खापर ओळखणारी मुले मात्र पुरतील.

८/
म्हणून युरोपच्या आधी एक रविवार द्यावा. धाडहून सकाळी निघून भोकरदन, केळना नदीकाठची लेणी, मग वेळ असेल तर अजिंठा. पुढे कधी तेरला जाणे झाले, तर तेथील लामतुरे संग्रहालय चुकवू नये.

९/
आणि इटलीत गेल्यावर पॉम्पेईवर थांबू नये. मूर्ती तिथे नाहीच. ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तीही ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, जिथे शृंगारिक वस्तू एकेकाळी कुलूपबंद ठेवल्या जात. आपल्या कारागिराने निःसंकोच घडवलेली यक्षी युरोपाच्या लाजाळूपणामुळे अशा शेजारात जाऊन बसली, ही गंमत आजी-आजोबांनाही सांगायला हरकत नाही. पॉम्पेईहून नेपल्स लोकलने पाऊण तासावर आहे. संग्रहालय मंगळवारी बंद असते, तेवढे पाहून सहलीचा वार ठरवावा.