चरबी वितळत नाही, बायांनो

आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली प्रत्येकीच्या टेबलावर गरम पाण्याचा थर्मास असतो. तव्यावरचं तूप वितळावं तशी पोटावरची चरबी वितळते, असं त्यांना कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उष्णतेचा धडा दरवर्षी घेते, म्हणून यावर बोलणं मला माझं काम वाटतं.

आहारात जिला कॅलरी म्हणतात, ती एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता. ५० अंशांवरचं पेलाभर पाणी, म्हणजे २०० मिलिलिटर, पोटात जाऊन ३७ अंशांपर्यंत निवतं तेव्हा साधारण अडीच कॅलरी उष्णता उलट आपल्यालाच देतं. जाळत काहीच नाही. फ्रीजमधलं पाणी प्यायलं तर ते तापवायला शरीराला सहाएक कॅलरी लागतील, पण चहातल्या एका चमचा साखरेत त्याच्या अडीच-तीनपट असतात. तेव्हा गरम-गार हा वादच सोडून द्यावा. आणि चरबी जाते ती मुख्यतः श्वासावाटे. तिचं ज्वलन होऊन बहुतांश कार्बन डायऑक्साइड होतो आणि थोडं पाणी. दहा किलो चरबी घटली तर त्यातली सुमारे ८.४ किलो उच्छ्वासातून बाहेर पडते, हा हिशेब २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडला गेला.

मग काहींचं वजन खरंच उतरतं ते कसं? दिवसातले दोन-तीन गोड चहा सुटतात म्हणून. श्रेय त्या सुटलेल्या साखरेचं आहे.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांना माझी विनंती आहे की वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' नीट वाचावं. गरम पाणी त्यात दीपन-पाचन, म्हणजे अग्नी वाढवणारं आणि पचनाला मदत करणारं, म्हणून सांगितलं आहे. मध मात्र उष्णतेबरोबर घेऊ नये, असं त्याच ग्रंथात स्पष्ट बजावलं आहे. आणि आपण सकाळी तेच दोन्ही एकत्र ढवळतो! शिवाय मोठा चमचाभर मध म्हणजे साठेक कॅलरी. वाग्भट आणखी एक सांगतो: जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो, नंतर पिणारा स्थूल होतो. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांवर केलेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. मोजक्या आहारासोबत प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी पिणाऱ्यांचं वजन बारा आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. पाणी उकळलेलं असण्याची अट नव्हती.

मला राग येतो तो वेगळ्या कारणाने. सकाळच्या प्रॅक्टिकलला मुली चक्कर येऊन बाकावर बसतात. काय खाल्लं विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, लिंबूपाणी घेतलंय ना गरम." सोळा वर्षांच्या, अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला घरातल्याच बाया न्याहारीऐवजी पाणी पाजतात, हे मला सहन होत नाही.

गरम काही प्यायचंच असेल तर कढण प्या. मुगाचं, कुळथाचं, नाहीतर टोमॅटोचं सार. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांच्या प्रयोगात दुपारच्या जेवणाआधी सूप घेतलेल्यांनी, सूप धरूनही, सुमारे वीस टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. कढणात डाळीचं सत्त्व असतं, पोट भरल्यासारखं वाटतं, आणि आपल्या आज्यांना ते करता येत होतं. फक्त वाफाळतं घशाखाली ओतू नका. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं आहे. पाच-सात मिनिटं निवू द्या, आणि मुलीला आधी भाकरी-भाजी वाढा.