इंधनबचतीचा गंडा

मराठीत ‘गंडा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दंडावर बांधायचा मंतरलेला दोरा हा एक, आणि राजरोस फसवणूक हा दुसरा. भाषेने हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदवले, यात तिचा मोठा अनुभव साठलेला आहे. ज्याला पहिला गंडा बांधता येतो, त्याला दुसरा घालणे कठीण जात नाही. हे दोन्ही अर्थ एकदमच सार्थ करणारी एक वस्तू अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून घरोघर पोहोचते आहे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, प्लास्टिकची, लुकलुकत्या दिव्यांची ही डबी मोटारीच्या सॉकेटमध्ये खोचली की पेट्रोलचा खर्च पंधरा, वीस, क्वचित पस्तीस टक्क्यांनीही कमी होतो, असे तिचे विक्रेते सांगतात. किंमत काही शे रुपये. वस्तू घरपोच मिळते आणि पैसे वस्तू हाती आल्यावर द्यायचे असतात. एवढ्या थोडक्यात एवढे मोठे पुण्य मिळत असेल, तर ते कोणाला नको आहे?

शहरातील सुखवस्तू माणसाने ही डबी घेतली तर त्याची फार तर एका संध्याकाळची चैन बुडते. परंतु शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील किन्हवलीसारख्या गावी हीच जाहिरात पोहोचते, तेव्हा तिचा अर्थ पालटतो. या भागात मोटार ही हौसेची वस्तू नाही. ती पोटाचे साधन आहे. आसनगावची लोकल गाठणारे नोकरदार, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारे कामगार, शहापूरच्या दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस, कल्याणच्या बाजारात पोहोचवायची भाजी, हे सारे कोणाच्या तरी जीपवर किंवा व्हॅनवर अवलंबून असते. त्या गाडीवर बहुधा कर्ज असते. हप्ता चुकला तर गाडी जाते आणि गाडी गेली तर घर बसते.

अशा माणसाचा हिशेब जाहिरातदाराला पक्का ठाऊक असतो. दिवसाला शंभर किलोमीटर धावणारी आणि लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी रोज पावणेसात लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची रेषा ओलांडली. तोच शंभराचा भाव धरला, तरी रोजचा खर्च साडेसहाशेच्या पुढे जातो. त्यात तीस टक्के बचत झाली तर दिवसाला दोनशे रुपये आणि महिन्याच्या सव्वीस फेऱ्यांत पाच हजारांहून अधिक रक्कम हाती राहील. हप्त्याचा मोठा वाटा त्यातून निघेल. हा मोह आळशी माणसाचा नव्हे. काटकसरी, कष्टाळू आणि देणे वेळेवर फेडू पाहणाऱ्या माणसाचा तो मोह आहे, आणि म्हणूनच त्याचा गैरफायदा घेणे अधिक निंद्य आहे.

आता या डबीचा दावा तपासून पाहू. काही डब्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसतात, तर काही स्टिअरिंगखालच्या त्या सोळा पिनांच्या खाचेत, जिथे मेकॅनिक आपला स्कॅनर जोडतो. २०१० पासून आपल्याकडील नव्या मोटारींत टप्प्याटप्प्याने सक्तीची झालेली ओबीडी व्यवस्था ती हीच. तिचे काम मोटारीतील बिघाड सांगणे हे आहे. त्या खाचेत बॅटरीचा प्रवाह असतो, त्यामुळे तेथे खोचलेल्या कोणत्याही डबीचा दिवा पेटणारच. दिवा पेटला म्हणजे काम चालू झाले, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः दिवा पेटणे एवढेच तिचे काम असते. २०१८ साली एका फ्रेंच संस्थेच्या तंत्रज्ञांनी अशी एक बहुचर्चित डबी उघडून तिचा तुकडान् तुकडा तपासला. मोटारीच्या संगणकाशी बोलण्यासाठी जो भाग अनिवार्य असतो, तोच तिच्यात नव्हता. आत होती ती फक्त दिवे लुकलुकवणारी एक साधी चिप. मुक्याने सल्ला दिला आणि बहिऱ्याने तो मानला, असाच हा प्रकार म्हणावयाचा!

‘इंधन पूर्ण जळत नाही, ते आम्ही पूर्ण जाळून देतो,’ असे दुसरे स्पष्टीकरण दिले जाते. तेही टिकत नाही. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी आजच्या मोटारीत ऑक्सिजनचा सेन्सर असतो, आणि धुरात उरलेला ऑक्सिजन पाहून तिचा संगणक क्षणाक्षणाला इंधनाची मात्रा कमीजास्त करीत असतो. सुस्थितीतील इंजिनात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक इंधन जळूनच जाते. जे उरतच नाही, ते वाचवायचे कोठून? इंजिनातील उष्णतेचा मोठा भाग वाया जातो, हे खरे. परंतु तो रेडिएटरमधून आणि धुरावाटे जातो. सॉकेटमध्ये खोचलेली डबी त्याला हातही लावू शकत नाही. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या लोहचुंबकांची कथाही निराळी नाही. पेट्रोल म्हणजे लोखंडाचा कीस नव्हे, की चुंबकाने त्याचे कण ओळीत उभे राहावेत.

या वस्तूंची परीक्षा कधी झालीच नाही, असेही नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगभर अशा युक्त्यांचे पेव फुटले. तेव्हापासून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत साधनांची तपासणी केली. लक्षणीय बचत करणारे असे एकही साधन तिला आढळले नाही. काहींमुळे तर धुरातील प्रदूषण वाढले. आणखी एक साधा प्रश्न कोणीही विचारावा. आपल्याकडे २०१७ पासून मोटार उत्पादकांना आपल्या गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचे सरकारी बंधन पाळावे लागते. एकेका टक्क्यासाठी हे कारखानदार इंजिनाची घडण बदलतात आणि पत्र्याचे वजन उतरवतात. काहीशे रुपयांच्या डबीने तीस टक्के साधत असते, तर ती त्यांनी कारखान्यातच बसवली नसती काय?

यावर ‘आम्हाला फरक पडला’ असे सांगणारे काही लोक भेटतात. ते खोटे बोलतात असे मानण्याचे कारण नाही. डबी बसवल्यावर माणूस काट्याकडे पाहू लागतो, ॲक्सिलरेटर जपून दाबतो, उगाच चालू ठेवलेले इंजिन बंद करतो. बचत त्याच्या पायाने केलेली असते आणि श्रेय डबीला मिळते. शिवाय टाकी कोठवर भरली, त्या दिवशी भार किती होता, वारा आणि चढ कसे होते, यांनी एका टाकीचा हिशेब सहज पाच-दहा टक्क्यांनी हलतो. विक्रेत्याची आणखी एक खुबी पाहा. गाडीची सवय ओळखायला डबीला दोन-अडीचशे किलोमीटर लागतात, असे तो बजावतो. तेवढी वाट पाहण्यात वस्तू परत करण्याची मुदत संपून जाते.

खरी गळती कोठे आहे, हे मात्र किन्हवलीच्या वाटेने जाणाऱ्या चालकाला कोणत्याही शास्त्रज्ञाइतकेच ठाऊक आहे. पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावर खड्डा आला की ब्रेक, खड्डा संपला की पहिला गिअर, पुन्हा ब्रेक. प्रत्येक वेळी कमावलेला वेग चाकाखाली जाळायचा आणि नव्या पेट्रोलने तो पुन्हा विकत घ्यायचा. एसटीची फेरी चुकली की एका गाडीत दोन गाड्यांची माणसे बसतात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पाच महिन्यांहून अधिक काळ एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यापाड्यांनी या खासगी गाड्यांच्या आधारावरच दिवस काढले. टायरात हवा कमी आणि माथ्यावर भार जास्त, अशा स्थितीत इंजिन अधिक पिणार नाही तर काय करील? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. गळती रस्त्यावर आहे आणि उपाय सॉकेटमध्ये विकला जातो आहे.

बचतीचे खरे मार्ग गुप्त नाहीत आणि महागही नाहीत. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ते वर्षानुवर्षे सांगत आली आहे. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग राखावा, टायरांतील हवा नियमित पाहावी, खोळंबा लांबणार असेल तर इंजिन बंद करावे. एसटीच्या आगारांत दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर झाले, याची नोंद ठेवण्याची रीत आहे. तीच रीत एका वहीवर घरच्या गाडीसाठी पाळता येते. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहावे, पुन्हा पूर्ण भरावी, आणि असे सलग पाच-सहा वेळा करावे. ज्याच्यापाशी अशी वही आहे, त्याला कोणतीही डबी फसवू शकणार नाही.

तथापि सारी जबाबदारी ग्राहकाच्या शहाणपणावर टाकून मोकळे होणे न्याय्य नाही. महाराष्ट्राने या देशाला ग्राहक चळवळ दिली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या विचाराचे फळ म्हणून १९८६ चा आणि त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार या नव्या कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. त्याचे सोळावे कलम तर विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या जिल्ह्यातील अशा तक्रारीची चौकशी करून प्राधिकरणाकडे अहवाल पाठवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. म्हणजे किन्हवलीच्या माणसाला दिल्ली गाठण्याची गरज नाही. ठाण्याला एक अर्ज धाडणे पुरेसे आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्यास जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते.

हे अर्ज येण्याची वाट न पाहता शासनाने एक साधा नियम करावा. कोणत्याही साधनाच्या जाहिरातीत इंधनबचतीची टक्केवारी छापायची असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र तिच्याबरोबर छापणे बंधनकारक असावे. मोटारींची परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात उभी आहे. ज्याची डबी खरी आहे, त्याला तिच्या दाराशी जाण्यात कसली भीती? आणि ज्या दुकानाच्या पडद्यावरून ही वस्तू विकली जाते, त्यानेही अंग झटकून चालणार नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्याच्यावर विक्रेत्याचा पत्ता दाखवण्याचे आणि तक्रार महिनाभरात निकाली काढण्याचे बंधन घातले आहे.

पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी यंत्रणा कशाला हलवायची, असे कोणी म्हणेल. फसवणुकीची ही जात नेमकी याच प्रश्नावर जगते. प्रत्येकाचे नुकसान इतके लहान, की कोणी तक्रार करीत नाही. आणि फसलेले इतके असंख्य, की विक्रेता गब्बर होतो. १९९६ साली तामिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पती पाण्यात उकळून पेट्रोल होते असा दावा केला, तेव्हा भलेभले भुलले. पुढे त्यांच्या नावाचे इंधन बाजारात विकलेही गेले. या प्रकरणी चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली ती २०१६ साली. दाव्यापासून निकालापर्यंत वीस वर्षे लोटली. दाव्याची परीक्षा विक्रीच्या आधी न होता नंतर झाली, की असाच विलंब होतो.

काटकसर हा गरिबाचा सद्गुण आहे आणि बहुधा तेच त्याचे एकमेव भांडवलही आहे. त्या भांडवलावर डल्ला मारणारा मनुष्य केवळ पाचशे रुपये नेत नाही. बचत करण्याची खटपट व्यर्थ आहे, असा निराश धडा तो मागे ठेवून जातो. शहापूर-मुरबाडच्या चालकाला चमत्काराची गरज नाही. त्याला हवा आहे पावसाळा सोसणारा रस्ता, वेळेवर येणारी एसटी आणि खोट्या जाहिरातीला वेसण घालणारा कायदा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना पैसा आणि वेळ लागेल, हे मान्य. तिसरीसाठी मात्र ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात एक अर्ज आणि त्यावर एक स्वाक्षरी एवढेच पुरे आहे.