राज्यमातेच्या पोटातली तार

‘गाय काय, काहीबी खाते!’ असं म्हणणाऱ्याले गाय माहीत नाही. ती ओठानं निवडत नाही. जिभेचा वेढा घालून घास ओढते, अर्धवट चावून गिळते, रवंथ मागाहून. शिळी पोळी पन्नीत गाठ मारून फेकली, तर वासावर ती पन्नीसकट गिळते. गाठ सोडवाले तिले हात नाहीत. आपल्याले आहेत.

पन्नी मोठ्या पोटात साचत जाते. पोट भरलेलं दिसते आणि गाय उपाशी मरते. तारेचं दुखणं याहून वाईट. तार, खिळा दुसऱ्या, जाळीदार पोटात उतरतो. त्याच्यापुढं पडदा, पडद्यापलीकडं हृदय. पोट आवळलं की तार पुढं सरकते; गाभण गाईत वासराचा दाब वाढला की आणखी. दूध आटते, गाय कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावर कण्हते. गळ्याखालच्या पोळीत पाणी भरलं, तोवर तार बहुधा हृदयाले लागलेली असते. मग डॉक्टरच्या हाती फारसं उरत नाही.

‘मोकाट सोडता कायले?’ असं शहरातले विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण दावणीची गायही सुटत नाही. बांधकामाची बारीक तार, कुंपणाचे तुकडे, जाळलेल्या टायरातल्या तारा कुटारात येतात आन् गव्हाणीत पोचतात. म्हणजे दोष गावाचाही आहे.

आर्वी, आष्टी, कारंजाची गवळाऊ ही आपली. याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९४१ साली गोसेवा संघ उभा केला. पुढं कायदे आले. २०१५ पासून बैलही कापता येत नाही. २०१८ ले प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. ३० सप्टेंबर २०२४ ले सरकारनं देशी गाईले राज्यमाता केलं. सुरीवर पहारा बसला, पन्नीच्या गाठीवर कोणाचंच लक्ष नाही. अशी गाय महिनोन्‌महिने झुरून मरते, आन् त्याची कुठं फिर्याद होत नाही.

जाळीदार पोटात राहून लोखंड धरून ठेवणारं गिळवायचं चुंबक असते. राज्यमाता म्हणणाऱ्या सरकारनं ते दर जनावरांच्या दवाखान्यात ठेवावं. गवंड्यानं तारेचे तुकडे डब्यात टाकावे. आणि गोग्रास देणाऱ्या मायबहिणींनो, पोळी तेवढी टोपल्यात ठेवा. पन्नी घरीच राहू द्या.