टर्बो सीचे जतन

श्रुतपंचमीला आपण भांडारातील ग्रंथ बाहेर काढतो, त्यांची वेष्टने बदलतो. त्या दिवशी धवला टीकेची आठवण हटकून होते. मूडबिद्री येथे तिची ताडपत्रे शतकानुशतके सांभाळली गेली. पण ती जुनी कन्नड लिपी वाचणारे मोजकेच उरले होते. पुढे नागरीत प्रती उतरल्या, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 साली पहिला खंड निघाला, तेव्हा कोठे ती अभ्यासकांच्या हाती आली. ग्रंथ शाबूत असणे निराळे आणि तो वाचता येणे निराळे.

संगणकाच्या क्षेत्रात हीच अडचण अवघ्या काही दशकांत उभी राहिली आहे. आपल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक वाचून देशभरातील असंख्य विद्यार्थी सी भाषा शिकले. त्यांचा सराव होई तो बोर्लंड कंपनीच्या टर्बो सीवर. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा कम्पायलर, म्हणजे एक दुभाषीच, 1987 साली बाजारात आला. निळा पडदा आणि पिवळी अक्षरे आपल्या घरांतील कित्येक अभियंत्यांना आजही आठवत असतील.

हा दुभाषी सोळा बिटांच्या यंत्रासाठी घडलेला. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही. पडदा पुसण्याची वा कळ दाबण्याची वाट पाहण्याची त्याची खास आज्ञा नवे कम्पायलर बहुधा ओळखत नाहीत. हिशेबाचे तर विचारूच नका. त्याचा साधा पूर्णांक दोन बाइटांचा, म्हणून 32,767 च्या पुढे जात नाही. त्यात 40,000 रुपयांची उधारी मांडली, तर उत्तर येते उणे 25,536. येणे होते ते देणे होऊन बसते! आजच्या कम्पायलरवर तीच ओळ 40,000 दाखवते. त्यामुळे जुना प्रोग्राम त्या काळी नेमका कसा वागत होता हे पाहायचे, तर मूळ कम्पायलरच हवा. त्यावर उपाय आहे. डॉसबॉक्स नावाचा विनामूल्य प्रोग्राम आजच्या संगणकात जुन्या यंत्राचा आभास उभा करतो, आणि त्यात टर्बो सी पुन्हा चालू लागते.

प्रश्न उरतो तो मालकीचा. बोर्लंडने कालांतराने टर्बो सी 2.01 आणि टर्बो सी++ 1.01 या आवृत्त्या स्वतःच विनामूल्य दिल्या. पण आपल्याकडे सर्वाधिक फिरली ती 3.0, आणि ती त्या दानात नव्हती. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘तदाहृतादान’ आहे, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेली वस्तू घेणे. दुकानात असा माल आपण घेत नाही. मग मुलाला कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली प्रत मात्र आपल्याला खटकत का नाही? माझ्या मते जतनासाठी 2.01 पुरेशी आहे. नवशिक्यांना तर टर्बो सीवर बसवूच नये. त्यांच्यासाठी जीसीसी आहे, आणि ते मुक्तपणे मिळते.

माळ्यावर जुन्या फ्लॉप्या असतील, तर आधी त्यांची प्रत करून घ्यावी, कारण त्यांवरील चुंबकीय नोंद वर्षागणिक क्षीण होते. सोबत आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा. मूळ खोके, परवाना आणि छापील पुस्तिका हाती लागली, तर ती रद्दीवाल्याला देऊ नये.